समोरून फोन उचलणार कोण? डायल-अप मेलर सुधारण्याच्या आणि तपासण्याच्या कामाचा आढावा

एओएलने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप सेवा बंद केली, तेव्हा ती इतके दिवस चालू होती याचंच अनेकांना नवल वाटलं. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे, एका संगणकाने दुसऱ्याला फोन लावून टपाल पोचवायचं, यासाठी बुलेटिन बोर्डांच्या जमान्यात जे प्रोग्रॅम लिहिले गेले, त्यांच्यातल्या काहींच्या नव्या आवृत्त्या आजही निघतात. या प्रोग्रॅमना मेलर म्हणतात. ते सांभाळणारी माणसं थोडी आहेत आणि बहुतेक जण नोकरी-धंदा सांभाळून फावल्या वेळात हे करतात. पण त्यांच्यापुढचा प्रश्न फावल्या वेळातला नाही. ज्या तारेवर हा प्रोग्रॅम चालायचा ती तार गेली, ज्या यंत्राशी तो बोलायचा ते यंत्र भंगारात गेलं. मग नवी आवृत्ती बरोबर चालते हे ठरवायचं कशावरून?

माझं मत आधीच सांगून टाकतो. या कामात कोड दुरुस्त करणं हा लहान भाग आहे. खरा खटाटोप आहे तो समोरचा पक्ष उभा करण्याचा: खरी तार, खरा मॉडेम आणि दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला जुना मेलर. स्वतःच्याच प्रतीशी बोलून पास झालेला मेलर तपासलेला आहे असं मी मानत नाही.

मागचा इतिहास थोडक्यात. जानेवारी १९७८ मध्ये शिकागोत हिमवादळाने लोकांना घरात कोंडलं असताना वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी पहिला संगणकी बुलेटिन बोर्ड रचायला घेतला आणि १६ फेब्रुवारीला तो सुरू झाला. एका वेळी एकाच माणसाने फोन लावायचा, निरोप वाचायचे, आपला निरोप ठेवायचा. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्जने आपल्या फिडो या बोर्डाला दुसऱ्या शहरातल्या बोर्डाला रात्री फोन लावायला शिकवलं आणि फिडोनेट जन्माला आलं. पुढे डॅलसच्या जेफ रशने एकोमेल आणलं, म्हणजे एका बोर्डावरची चर्चा सगळ्या बोर्डांवर पोचायला लागली. नव्वदीच्या दशकाच्या मध्याला फिडोनेटच्या नोडलिस्टमध्ये, म्हणजे जोडलेल्या बोर्डांच्या (नोडांच्या) यादीत, चाळीस हजारांच्या घरात नोंदी होत्या. एवढं टपाल हाकायला बोर्डाच्या प्रोग्रॅमपासून वेगळा, फक्त फोन सांभाळणारा प्रोग्रॅम लागला. सीडॉग, फ्रंटडोअर, बिंकलेटर्म, डी-ब्रिज, इंटरमेल, रशियात गाजलेला टी-मेल, युनिक्सवरचा इफमेल ही सगळी त्याच घराण्यातली नावं.

मेलर करतो काय, ते जवळून पाहिल्याशिवाय तो कुठे मोडतो हे कळणार नाही. फोनची घंटी वाजते, मॉडेम ‘रिंग’ हा शब्द पाठवतो, मेलर त्याला फोन उचलायला सांगतो. दोन मॉडेम आपसात किंचाळून वेग ठरवतात आणि ‘कनेक्ट’ असा शब्द येतो. आता पलीकडे कोण आहे हे मेलरला ठाऊक नसतं. माणूस असेल तर त्याला बोर्डावर न्यायचं, मेलर असेल तर टपालाची देवाणघेवाण करायची. म्हणून मेलर एकीकडे ‘बोर्डावर जाण्यासाठी एस्केप दोनदा दाबा’ असं काहीतरी पडद्यावर दाखवतो आणि त्याच ओळींच्या आड एक ठरावीक संकेत सोडतो. पलीकडच्या मेलरने तो ओळखला की ईएमएसआय नावाची बोलणी सुरू होतात: माझा पत्ता हा, पासवर्ड हा, मला हे हे प्रोटोकॉल येतात. उत्तर आलं नाही तर दोघांनीही एक पायरी खाली उतरून यूहू या जुन्या पद्धतीने बोलून पाहायचं, तेही नाही जमलं तर टीसिंक ही १९८०च्या दशकातली मूळ पद्धत. ईएमएसआयच्या कागदपत्रात या हाका किती वेळ मारायच्या त्याची गणती दिलेली आहे: एका हाकेला २० सेकंद, सगळ्या प्रकरणाला मिळून ६० सेकंद.

सगळी गोम या सेकंदांत आहे. मेलर म्हणजे मुळात घड्याळांचा गठ्ठा आहे. कॅरियर, म्हणजे दोन मॉडेममधला चालू सूर, कधी आला, किती वेळ शांतता होती, दुसऱ्याने किती वेळात उत्तर दिलं, तार कधी सोडायची. आजचा प्रोग्रॅमर जुना कोड उघडतो, त्यात कुठेतरी ‘अर्धा सेकंद थांब’ असं विनाकारण लिहिलेलं दिसतं आणि तो ते साफ करून टाकतो. तो अर्धा सेकंद बहुधा कुणाच्या तरी मॉडेमसाठी घातलेला असतो: तो मॉडेम ‘कनेक्ट’ म्हटल्यावर लगेच आलेली पहिली अक्षरं गिळत असे. हे कारण कुठल्याही कागदपत्रात नसतं. जुन्या मेलरमधल्या विचित्र ओळीला हात लावण्याआधी ती काढून तीन-चार वेगवेगळ्या मॉडेमवर चालवून बघावं, आणि बघता येत नसेल तर ती तशीच ठेवावी. कोडच्या सौंदर्याचा आग्रह धरायची ही जागा नव्हे.

आता वय झाल्यामुळे काय काय मोडतं ते पाहू. सगळ्यात प्रसिद्ध दुखणं म्हणजे रनटाइम एरर २००. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले अनेक प्रोग्रॅम सुरू होताना प्रोसेसर किती वेगाने फिरतो ते मोजायचे आणि त्या आकड्याला भागायचे. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या वर प्रोसेसर गेले, भागाकाराचं उत्तर सोळा बिटांत मावेना, आणि प्रोग्रॅम एकही फोन न लावता ‘शून्याने भागाकार’ म्हणून मरू लागला. यावर पॅच मिळतात आणि ते बिनधोक आहेत. दुसरं दुखणं ६४ बिटांच्या विंडोजचं: तिथे सोळा बिटांचा डॉस प्रोग्रॅम चालतच नाही, एम्युलेटर लागतो. आणि एम्युलेटर आला की तारेआधीच घोळ सुरू होतो. त्याच्याकडे पुढे वळू.

तारखांचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. फिडोनेटच्या मूळ संदेशात तारीख वीस अक्षरांच्या चौकटीत बसवलेली आहे आणि वर्ष दोनच आकड्यांचं. २००० साली अनेक प्रोग्रॅमनी ‘१९१००’ वगैरे साल दाखवून आपली हौस भागवली. तेव्हा बहुतेकांनी ‘ऐंशीच्या खालचा आकडा म्हणजे दोन हजारातलं वर्ष’ असा तोडगा काढला, आणि तो अजून चालतो. पण ईएमएसआयच्या बोलण्यात वेळ पाठवण्याची जी सोय आहे ती १९७० पासूनचे सेकंद सोळाच्या पायातल्या आकड्यात पाठवते. झेडमोडेम हा फाइल पाठवायचा प्रोटोकॉल फाइलची तारीख त्याच सेकंदांत, पण आठाच्या पायातल्या आकड्यांत पाठवतो. दोन्ही ठिकाणी १९ जानेवारी २०३८ ला काय होईल हे प्रोग्रॅमने तो आकडा चिन्हासकट वाचला की चिन्हाविना, यावर अवलंबून आहे.

संगणक आणि मॉडेम यांच्यामधली वायर ही तिसरी जागा. मॉडेम-मॉडेममधली चूक व्ही.४२ सारखी व्यवस्था दुरुस्त करते, म्हणून अनेकांचा समज असतो की कनेक्शन लागलं की बाइट जसेच्या तसे पोचतात. सिरियल पोर्टवर ती हमी नाही. १,१५,२०० बिट्स प्रति सेकंद या वेगाने सुमारे ८७ मायक्रोसेकंदांना एक बाइट येतो. जुन्या ८२५० चिपमध्ये एकच बाइट ठेवायला जागा, म्हणजे तेवढ्या वेळात प्रोसेसरने तो उचलला नाही तर गेला. १६५५० मध्ये १६ बाइटांची रांग असते, म्हणून जवळपास दीड मिलिसेकंदाची उसंत मिळते. आज यूएसबीवरचा सिरियल अडॅप्टर लावला की उलटा त्रास: बाइट हरवत नाहीत पण रेंगाळतात. काही प्रचलित चिप आलेले बाइट १६ मिलिसेकंद धरून ठेवून एकदम देतात. एक्समोडेमसारख्या, प्रत्येक १२८ बाइटांनंतर ‘मिळालं’ या उत्तराची वाट पाहणाऱ्या प्रोटोकॉलला हे फार महाग पडतं. त्यात इंटरनेटवरून जाणारा फोन असेल आणि जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद लागत असतील, तर मॉडेम कितीही वेगवान असो, सेकंदाला पाच ठोकळे, म्हणजे ६४० बाइट, यापुढे गाडी जाणार नाही. चक फोर्सबर्गने १९८६ मध्ये झेडमोडेम लिहिला तो याच थांबण्यावर उपाय म्हणून: उत्तराची वाट न पाहता पाठवत राहायचं, चूक झाली तर समोरचा ओरडेल आणि तिथून मागे यायचं. नव्या मेलरमधून एक्समोडेम काढून टाकावा असं म्हणणारे भेटतात. टीसिंकच्या पायरीला तोच लागतो, म्हणून मला ते पटत नाही. पण त्याच्या वेगाबद्दल कुणी तक्रार केली तर ती बग म्हणून नोंदवू नये.

तपासणीसाठी तार कुठून आणायची? इथे लोकांचे चार पंथ आहेत.

पहिला पंथ नल-मॉडेम केबलचा. दोन संगणक थेट जोडायचे, मॉडेमच नाही. बोलणी आणि फाइल पाठवणं यांच्या तपासणीला हे उत्तम आणि फुकट. पण ‘रिंग’ नाही, ‘बिझी’ नाही, कॅरियर तुटत नाही. मेलरचं निम्मं आयुष्य ज्या गोष्टींत जातं त्या सगळ्या वगळल्या जातात.

दुसरा पंथ नकली मॉडेमचा. टीसीपीसर किंवा डॉसबॉक्समधला मॉडेम मेलरपुढे मॉडेमचं सोंग घेतात आणि प्रत्यक्षात इंटरनेटवरून जोडणी करतात. ओएस/२ वर रे ग्विनच्या एसआयओ ड्रायव्हरमध्येही अशी सोय होती, म्हणजे कल्पना जुनीच. आज बहुतेक ‘तपासलं’ म्हणून जाहीर होणाऱ्या आवृत्त्या याच रस्त्याने तपासलेल्या असतात, आणि माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. नकली मॉडेम फार सभ्य असतो. तो पटकन जोडतो, खरखर करत नाही, ‘कनेक्ट’च्या पुढे तुम्ही सांगाल तो वेग छापतो. खरा मॉडेम वेगाची बोलणी करायला दहा-वीस सेकंद घेतो, कधी ‘कनेक्ट’ म्हणून पुढच्याच क्षणाला ‘नो कॅरियर’ म्हणतो, आणि त्याच्या पुढे ‘एआरक्यू’, ‘व्ही३२’, ‘लॅप-एम’ अशी शेपटी लावतो, जी प्रत्येक कंपनीची वेगळी. मेलर या शेपटीवरून वेग आणि चूक-सुधारणा ओळखतो. ते ओळखणं नकली मॉडेमवर कधी तपासलं जातच नाही.

नकली मॉडेमचा स्वतःचा एक रोगही आहे, तो मात्र तपासायलाच हवा. टेलनेटमध्ये २५५ हा बाइट आज्ञेची सुरुवात समजला जातो, म्हणून माहितीत तो आला तर दोनदा पाठवावा लागतो. एका बाजूने दोनदा पाठवला आणि दुसऱ्या बाजूने दोन्ही माहिती म्हणूनच घेतले असं झालं तर फाइलमधला प्रत्येक २५५ बिघडतो, झेडमोडेमची सीआरसी तपासणी प्रत्येक वेळी नापास होते आणि फाइल एकाच जागी अडकून पडते. गंमत म्हणजे साधं इंग्रजी टपाल सुखरूप जातं, कारण त्यात २५५ नसतो. यासाठी ० ते २५५ हे सगळे बाइट क्रमाने आणि पुन्हा उलट्या क्रमाने असलेली एक फाइल बनवून ठेवावी आणि प्रत्येक आवृत्तीत तीच आधी पाठवावी. तिच्यासोबत आणखी एक फाइल हवी: तीन अधिक चिन्हं आणि लगेच फोन ठेवण्याची आज्ञा असा मजकूर असलेली. मॉडेमला ‘आता माझं ऐक’ हे सांगायचा संकेत म्हणजे तीन अधिक चिन्हं. ती माहितीतून चुकून आली तर फसायला नको, म्हणून हेज कंपनीच्या पद्धतीत चिन्हांच्या आगेमागे शांततेची अट होती. ही अट पेटंटमध्ये अडकलेली, म्हणून काही स्वस्त मॉडेमनी ती गाळली. त्या मॉडेमवरून ही फाइल पाठवली की फोन आपोआप कापला जातो. मेलरने तीन प्रयत्नांत तीनदा तोच फोन कापलेला पाहिला तर काय करावं? पुन्हा पुन्हा लावत बसणारा मेलर पूर्वी एसटीडीचं बिल फाडायचा.

तिसरा पंथ व्हीओआयपीचा. साधा फोन इंटरनेटला जोडणारी डबी घ्यायची, तिला मॉडेम लावायचा आणि जगात कुठेही फोन लावायचा. हे चालतं, पण अटी अनेक. आवाजाचं कोडिंग जी.७११ च हवं. आवाज दाबून छोटा करणारं जी.७२९ मॉडेमचे सूर ओळखण्यापलीकडे विकृत करतं. शांततेत पाकिटं न पाठवण्याची सोय बंद हवी. प्रतिध्वनी मारणारी यंत्रणा बंद हवी, एरवी मॉडेम २१०० हर्ट्झच्या सुराची दिशा ठरावीक काळाने उलटवून तिला गप्प बसायला सांगतो, पण प्रत्येक डबी ते ऐकतेच असं नाही. पाकिटं साठवून सारखी करणारा बफर ठरावीक लांबीचा हवा, कारण आपोआप लहान-मोठा होणारा बफर मॉडेमच्या दृष्टीने काळच पुढे-मागे करतो. एवढं सगळं केलं तरी दोन टोकांच्या डब्यांची घड्याळं कणभर वेगळी चालतात, बफर केव्हातरी भरतो किंवा रिकामा होतो आणि मॉडेम मध्येच थांबून पुन्हा सूर जुळवायला बसतो. म्हणून व्हीओआयपीवर ३३,६०० चा हव्यास सोडून मॉडेमला ९,६०० किंवा १४,४०० वर बांधून ठेवावं. वेग कमी झाल्याचं दुःख दहा मिनिटांचं, मधूनच तुटलेल्या जोडण्यांचं दुःख रात्रभराचं. तरीही मी हा पंथ तपासणीसाठी मोलाचा मानतो: बिघडलेल्या तारेचा इतका चांगला नमुना दुसरीकडे फुकट मिळत नाही.

चौथा पंथ छोट्या ईपीएबीएक्सचा, आणि माझं झुकतं माप याला आहे. आपल्याकडे दवाखान्यांत, छोट्या कार्यालयांत जे इंटरकॉम एक्स्चेंज असतं तेच. दोन एक्स्टेन्शनना दोन मॉडेम जोडा. खरा डायल टोन, खरी घंटी, खरा बिझी टोन, खरं कापणं, आणि बिल शून्य. यूएसबीवर चालणारे, स्वतःची चिप असलेले मॉडेम आजही मिळतात. लिनक्स त्यांना कुठल्याही वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखतं. ‘विनमॉडेम’ नावाची, सगळं काम संगणकावर टाकणारी कार्डं मात्र टाळावीत. ईपीएबीएक्सचा एक दोष म्हणजे तार फार छोटी आणि स्वच्छ, खरखर बाहेरून घालावी लागते. आणि एक गुण, जो परदेशी तपासणाऱ्यांच्या लक्षात येत नाही: भारतीय डायल टोन ४०० हर्ट्झचा, अमेरिकेतला ३५० आणि ४४० चा मिळून. डायल टोनची वाट पाहायची आज्ञा घेतलेला अमेरिकी मॉडेम इथल्या काही एक्स्चेंजवर ‘नो डायलटोन’ म्हणून हात वर करतो. तेव्हा त्याला एक्स३ ही आज्ञा द्यायची, म्हणजे तो डायल टोनची पर्वा न करता नंबर फिरवतो. नव्या मेलरच्या ठेवणीतल्या सेटिंगमध्ये ही आज्ञा बदलता येते की कोडमध्येच डायल टोनची वाट पाहणारं एक्स४ ठोकलेलं आहे, एवढ्यावरून तो मेलर कुठे बसून तपासला गेला ते कळतं.

भारताचा विषय निघालाच आहे. आपल्याकडे मुंबईत लाइव्ह वायर, बंगळुरूत अतुल चिटणीसांचं सिक्स, अशी बोर्डं होती, आणि फिडोनेटच्या सहाव्या झोनमध्ये, म्हणजे आशियात, भारताची जागा होती. या झोनची ‘मेल अवर’, म्हणजे प्रत्येक नोडने माणसांना बाहेर ठेवून फक्त टपाल घ्यायची वेळ, आंतरराष्ट्रीय घड्याळाने २० ते २१, म्हणजे आपली रात्रीची दीड ते अडीच. एसटीडीचा दर रात्री पाव व्हायचा, त्याच्याशी हे बरं जमायचं. जुन्या एक्स्चेंजवर टोन चालत नसे, पल्सने नंबर फिरवावा लागे. नव्वदीच्या दशकाच्या मध्याला दूरसंचार खात्याने बोर्डांकडून लाखांतली लायसन्स फी मागायचं काढलं, मग १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलचं इंटरनेट आलं, आणि ती बोर्डं विरत गेली. सहावा झोन नोडलिस्टमधून २००७ मध्ये निघाला आणि उरलेले नोड तिसऱ्यात गेले. तपासणाऱ्यासाठी याचा अर्थ एवढाच की मेल अवरची वेळ कोडमध्ये झोनच्या आकड्याला बांधलेली असेल तर ती एकदा बघून घ्यावी.

तारेचं झालं, आता समोरच्या मेलरचं. फिडोनेटचे नियम कागदावर आहेत, पण कागद लिहिणारे आणि प्रोग्रॅम लिहिणारे एकच होते आणि कागद बऱ्याचदा प्रोग्रॅमच्या मागून आला. म्हणून खरा नियम शोधायचा तर १९९० च्या दशकातला फ्रंटडोअर किंवा बिंकलेटर्म डॉसमध्ये चालवून त्यालाच विचारावं लागतं. ईएमएसआयच्या बोलण्यात एखादं अनोळखी क्षेत्र पाठवलं तर तो ते सोडून देतो की गोंधळतो? नोडच्या नावात महिरपी कंस आला तर? पासवर्ड चुकला तर तार लगेच सोडतो की आधी कारण सांगतो? दोघांनीही एकाच वेळी ‘मी फोन लावणारा’ असं म्हटलं तर? हे शेवटचं खरोखर घडतं, कारण दोन मेलर एकमेकांना त्याच मिनिटाला फोन लावत असतात आणि एकाने उचलेपर्यंत दुसऱ्याचा मॉडेम डायल करत असतो.

एकाच कुळातल्या दोन मेलरचं सहज जमतं. अडतं ते दोन कुळांच्या सीमेवर. बाहेर जायचं टपाल डिस्कवर कसं मांडून ठेवायचं याच्या दोन मुख्य पद्धती होत्या. फ्रंटडोअर संदेशाला फाइल ‘जोडलेली’ आहे असं मानत असे. बिंकले पद्धतीत नेट आणि नोडच्या आकड्यांवरून नाव ठरलेली छोटी मजकूर-फाइल असे, तिच्यात पाठवायच्या फाइलींची यादी. ओळीच्या सुरुवातीला एक चिन्ह असेल तर पाठवून झाल्यावर फाइल पुसायची, दुसरं असेल तर शून्य लांबीची करायची. शून्य लांबीची का? एकोमेलचे गठ्ठे वारानुसार नाव घेतात: सोमवारचा शून्य, एक, असे नऊपर्यंत. फाइल पुसून टाकली तर त्याच दिवशी पुन्हा तेच नाव जन्माला येईल आणि समोरच्याकडे अजून न उघडलेला जुना गठ्ठा नव्याने झाकला जाईल. रिकामी फाइल ठेवली की नाव राखलं जातं. नवा मेलर लिहिणारा ही रिकामी फाइल कचरा समजून साफ करतो आणि आठवड्याने कुणाचं तरी टपाल हरवतं. ही चूक एका फोनच्या चाचणीत कधीही दिसत नाही. एकाच दिवशी त्याच नोडला अनेकदा टपाल पाठवणारी चाचणीच तिला पकडते.

बिंकले पद्धतीतली दुसरी खोड म्हणजे ‘व्यस्त’ खूण. मेलर आणि टॉसर, म्हणजे गठ्ठे उघडून संदेश वाटणारा प्रोग्रॅम, एकाच नोडच्या फाइली एकदम हाताळू नयेत म्हणून ज्याने काम धरलं तो एक रिकामी खुणेची फाइल टाकतो. फोन चालू असताना वीज गेली की ती फाइल तशीच राहते, आणि मग तो नोड कायमचा व्यस्त: मेलर त्याला फोन लावत नाही, कुठे चूकही दाखवत नाही. वीज जाणं आपल्याला नवं नाही, म्हणून या खोडीचं मर्म इथल्या माणसाला लगेच कळतं. खूण किती जुनी झाली तर शिळी मानायची याचा आकडा सेटिंगमध्ये असायलाच हवा, आणि चाचणी म्हणजे सरळ प्लग काढणं. प्रोग्रॅम व्यवस्थित बंद केल्यावरची चाचणी इथे कुचकामी.

डॉसवर तर बोर्डाकडे माणसाला सोपवण्याचं कामही एका बॅच फाइलवर चालायचं. मेलर बंद होताना एक आकडा मागे ठेवतो, बॅच फाइल तो बघून पुढे कुठे जायचं ते ठरवते. डॉसची तुलना ‘इतका किंवा याहून मोठा’ अशी असल्यामुळे आकडे मोठ्यापासून लहानाकडे तपासायला हवेत. नव्या आवृत्तीने एखादा नवा, मोठा आकडा आणला की सिसऑपच्या, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्याच्या, वीस वर्षं जुन्या बॅच फाइलमध्ये तो भलत्याच फांदीत पडतो, आणि रात्री फोन लावलेल्या माणसाला बोर्डाऐवजी डिस्क साफ करण्याचा कार्यक्रम भेटतो. जुने आकडे बदलू नयेत, नवे शक्यतो आणू नयेत.

आज हे काम कोण करतं? डी-ब्रिजची मालकी मूळ लेखकाकडून दुसऱ्याकडे गेली आणि मॉडेमची बाजू जिवंत ठेवून त्याच्या नव्या आवृत्त्या आल्या. मोल्दोव्हातल्या रिटलॅब्सच्या आर्गसचा कोड खुला झाला, त्यातून रेडियस निघाला. एमबीएसई लिनक्सवर मॉडेम, टीसीपी दोन्ही सांभाळतो. बाकी जवळपास सगळे बिंक्डच्या मार्गावर गेले. दिमा मालॉव्हच्या या प्रोग्रॅमने फिडोनेटला इंटरनेटवर, २४५५४ या पोर्टवर आणलं, आणि मिस्टिक, सिंक्रोनेट या बोर्डांच्या प्रोग्रॅममध्ये त्याचाच बिंकपी हा प्रोटोकॉल बसवलेला आहे. बिंकपी छान आहे, झेडमोडेमपेक्षा सरळ आहे, पण त्याच्या आधाराने मॉडेमची बाजू ‘चालते’ असं म्हणता येत नाही. काही जण एकाच प्रोग्रॅमला दोन्ही रस्ते एकसारखे दिसावेत म्हणून मॉडेमला टीसीपीच्या साच्यात बसवतात. पण कॅरियर गेला आणि सॉकेट बंद झालं या दोन घटना वेगळ्या आहेत. कॅरियर गेल्यावरही सिरियल बफरमध्ये शेवटचे काही बाइट पडलेले असू शकतात, त्यात समोरच्याची ‘फाइल मिळाली’ ही पावती असते. ती न वाचता बंद करणारा मेलर तीच फाइल उद्या पुन्हा पाठवतो आणि फोरमवर प्रत्येक संदेश दोनदा दिसतो. डुप्लिकेट संदेशांचं खापर टॉसरवर फोडलं जातं, खरा दोष इथे असू शकतो.

ब्रिटनची जुनी टेलिफोन व्यवस्था बंद व्हायची मुदत आधी डिसेंबर २०२५ होती, ती जानेवारी २०२७ वर गेली. जर्मनीत हा बदल कधीच झाला. आपल्याकडे बीएसएनएलचे तांब्याचे जोड फायबरवर जात आहेत, आणि फायबरच्या डबीला जोडलेला फोन म्हणजे आतून व्हीओआयपीच. त्यामुळे ‘खऱ्या तारेवर तपासलं’ हे वाक्य आता जपून वाचावं लागतं: दोन्ही टोकांना तांबं होतं की नाही, एवढं आवृत्तीच्या नोंदीत लिहिलेलं असावं. लॉगमध्ये मॉडेमने पाठवलेली ‘कनेक्ट’ची ओळ जशीच्या तशी, ‘कनेक्ट’पासून पहिल्या ईएमएसआय संकेतापर्यंत गेलेले मिलिसेकंद, आणि जोडणी तुटण्याआधी किती वेळा सूर जुळवावा लागला हेही हवं. ही तीन माहितींची ओळ असली की दुसऱ्या देशातला तपासणारा आपल्या लॉगशी ताडून बघू शकतो.

२०३८ ची चाचणी आजच करता येते, तिला तारही लागत नाही. नल-मॉडेमने जोडलेल्या दोन यंत्रांची घड्याळं १९ जानेवारी २०३८, आंतरराष्ट्रीय वेळेनुसार पहाटे तीन वाजून बारा मिनिटांवर लावायची, एका बाजूला जुना मेलर आणि दुसऱ्या बाजूला नवा ठेवायचा, आणि काही मिनिटं चालेल एवढी मोठी फाइल सोडायची. तीन वाजून चौदा मिनिटं सात सेकंद होऊन गेली की पाहायच्या गोष्टी चार: फाइलीची तारीख १९०१ झाली का, नव्या बाजूने ‘ही फाइल जुनी आहे’ म्हणून ती नाकारली का, टाइमआउट मोजणारं घड्याळ उलटं पळून तार लगेच सुटली का, आणि तुटलेली फाइल दुसऱ्या फोनला जिथे थांबली तिथून सुरू झाली की पहिल्यापासून.